अक्काचा तक्ता

मी तापट आहे, हे अख्खी गल्ली सांगेल. पण त्या दिवशी मी नुसता तापट नव्हतो, गाढव होतो गाढव.

शहात्तर सालच्या एप्रिलात सूर्यग्रहण होतं. पुण्याच्या एका विज्ञान मंडळानं आम्हा मास्तरांना छापील तक्ते पाठवले. दुपारी चार ते सहा, दर दहा मिनिटांनी सावलीतलं तापमान लिहायचं. तक्ता पाठवणाऱ्याला आभाराचं कार्ड येणार. मी शाळेच्या गच्चीवर बसणार होतो. दुसरा, घरी भरायचा तक्ता माझ्या थोरल्या बहिणीनं, चंद्रव्वाअक्कानं, मागून घेतला. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं.

"कार्डावर माजं नाव येतंय व्हय रे?" असं तिनं चारदा विचारलं.

"येतंय की," म्हणालो आणि तिला थर्मामीटर वाचायला शिकवलं.

संध्याकाळी तक्ता पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. ऐन ग्रहणात पारा उतरायचा सोडून दोन अंश चढलेला! एक रकाना रिकामा. आणि शेऱ्याच्या जागी कानडी ओळींची गर्दी. मला कानडी बोलता येतं, वाचता येत नाही. अक्का मात्र दोन वर्षं कानडी शाळेत गेलेली.

"शास्त्राच्या कागदावर मंत्र लिहिलेस? आणि आकडे काय झोपेत भरलेस?"

"मंतर न्हाय रे. ऐक तरी..."

"काय ऐकू, कपाळ!" मी तक्ता तिच्यापुढं फेकला. माझा तेवढा पाठवला.

महिन्याभरानं कार्ड आलं, माझ्या नावाचं. अक्कानं पोस्टमनला विचारलं, "आनि एक असंल की, बगा जरा." तक्ता नाही तरी तिचे आकडे मी उतरवून पाठवले असतील, असं तिला वाटलेलं. तिनं माझं कार्ड पदरानं पुसून देव्हाऱ्यात ठेवलं.

गेल्या श्रावणात अक्का गेली. तिच्या ट्रंकेत तो तक्ता घडी घालून ठेवलेला सापडला. शेजारचे गुरप्पा अक्कलकोटचे, कानडी वाचणारे, त्यांच्याकडून शेरा वाचून घेतला. त्यांनी मराठीत सांगितलं:

"पाच वाजता. घरामागच्या रंगाऱ्यानं ग्रहण न पाळता भट्टी पेटवली, भिंत तापली. म्हणून यंत्र लिंबाखाली नेलं. पाच वीस. निंगव्वा म्हातारी अंगणात पडली, तिला उचलायला गेले. आकडा घ्यायचा राहिला. खोटा लिहिला नाही."

ग्रहणात कुणी चूलसुद्धा पेटवत नाही, तिथं भट्टी माझ्या डोक्यात कुठून येणार? पण तिला विचारलं तर असतं!

"बाई लई नेटक्या होत्या हो," गुरप्पा म्हणाले.

मी तक्त्याची पुन्हा घडी घातली. त्या दिवशी गच्चीवर गप्पांच्या नादात माझेही दोन आकडे घ्यायचे राहिले होते. ते मी अंदाजानं भरले, आणि कार्ड मला आलं.