घेतली, दादा

रादिसाव जेवत होता, झोपत होता, कोणी विचारलं तर उत्तरही देत होता. मोठा भाऊ वुकोमान गेल्यापासून याहून जास्त काही त्याच्यात घडतच नव्हतं. डोळ्याला पाणी नाही की घशात हुंदका नाही. बायका म्हणाल्या, दगड आहे मेला. तेही त्याने ऐकून घेतलं.

उद्या भावाचा चाळिसावा दिवस. देवळात मेणबत्त्यांची नवी पेटी बसायची होती : वरच्या कप्प्यात जिवंतांसाठी मेणबत्त्या लावायच्या, खालच्यात मृतांसाठी. ती वुकोमाननेच पाद्रीबाबांना कबूल केली होती, आणि बर्च लाकडाची प्लायही त्यानेच आणून ठेवली होती. एकच.

पहिलाच काप बिघडला. प्लाय करवतीच्या टेबलावरच्या गाइडच्या पट्टीपासून सुटली, पात्यात आवळली, धूर निघाला. कड निघाली कोयत्यासारखी. आता उरलेल्यात दोन कप्प्यांचे दोन तळ जेमतेम बसत होते. आणखी एक चूक झाली असती, तर दादाचा शब्द खाली पडला असता.

स्तामेंका वहिनी दारात आली. उद्या भावाच्या नावाने वाटायचा गोड गहू शिजवत होती.

"भाऊजी, करपतंय काय? माझा गहू की तुमचं लाकूड?"

"लाकूड."

"बरं झालं. गव्हाला नावं ठेवायला गावात बायका भरपूर आहेत." तिने तुकडा उचलला. "हे तुम्ही कापलंत, की पिऊन आलेल्या बोकडाने?"

"पलीकडून धरायला कोणी नाही."

तिने कमरेला बांधलेल्या फडक्याला हात पुसले आणि करवतीच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. "काय करायचं?"

"ओढायचं नाही. नुसतं वजन घ्यायचं."

"जन्मभर तेच केलंय."

ती जागा खरं तर रादिसावची. ढकलणारा दादा, झेलणारा तो. त्याने पात्याच्या पुढून-मागून माप घेतलं. गाइड मागच्या टोकाला केसभर आत होती. ती सरळ केली. वाकड्या कडेला टेकवलं तर वाकडंच निघणार, म्हणून प्लाय फिरवून कोरी कड गाइडला लावली.

करवत फिरली. आणि त्याला दादाचे खाली गेलेले डोळे आठवले. इतकी वर्षं समोरून बघताना त्याला वाटायचं, दादा मनात जप करतोय. दादा पात्याकडे बघतच नव्हता. प्लाय गाइडला टेकते तेवढी एक जागा बघत होता. पातं आपलं काम जाणतं. माणसाने टेकण सोडू नये.

रादिसाव तिथेच बघत ढकलत राहिला. प्लाय अर्धी पलीकडे गेली, वजन कललं, आणि इतक्या वर्षांच्या झेलण्याच्या सवयीने तोंडातून गेलं, "घेतली, दादा."

करवतीच्या आवाजातही ते वहिनीला ऐकू गेलं.

"मी घेतलीय," ती म्हणाली. "तुम्ही ढकला, भाऊजी."

त्याने ढकललं. गाइड न हलवता दुसरा तळही कापला. दोन्ही कडा एकमेकींना लावल्या. मधून उजेड येईना.

"यातला जिवंतांचा कुठला?"

"कुठलाही. दोन्ही सारखे आहेत."

तिने एक उचलला, कडेवरून तळवा फिरवला, भुसा फुंकला. "मग हा आमच्या यांचा," म्हणाली, आणि तो छातीशी धरून गव्हाकडे गेली.

रादिसावने बटण बंद केलं. पातं पुरतं थांबल्याशिवाय टेबलाला हात लावायचा नाही, हा दादाचा नियम.

पातं थांबलं. तरी तो तसाच उभा राहिला, हात मागे बांधून, दादाने 'आता' म्हणायची वाट बघत.