आधी पानं काढा, मग बोलू

जरा खाली बघा, गाड्यांच्या चाकांपाशी. बोलतेय ती मी, एल्म रस्त्याच्या सखल टोकाला बसवलेली बिडाची जाळी. रस्त्यावरचं पाणी माझ्यातून खाली जातं. पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं जावं अशी अपेक्षा आहे. लोक मला आणखी काय काय पाजतात ते विचारू नका.

मला ओतलं ती भट्टी केव्हाच बंद पडली. मी मात्र पन्नास वर्षं इथेच आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटाचे हिवाळे काढले, बर्फ ओढणाऱ्या गाडीच्या पात्याचे तडाखे खाल्ले, एक दात गेला, बाकी तब्येत ठणठणीत आहे. दुखणं एकच, पानांचं. आणि त्या दुखण्याचं नाव व्हर्लिन टोस्ट्रुड.

व्हर्लिन समोर राहतो. त्याची हिरवळ इतकी नीटनेटकी की खारसुद्धा तिच्यावरून जपून चालते. एप्रिलमध्ये बर्फ सरला की खालून गेल्या वर्षीची मेपलची पानं निघतात. मग हा पाठीला पानं उडवायचं यंत्र बांधतो आणि सगळी रस्त्यावर लोटतो. हिरवळ स्वच्छ झाली की त्याचं काम संपलं. रस्ता जणू दुसऱ्याच कुणाच्या देशात आहे.

नगरपालिका दर वसंतात घरोघरी एक हिरवा कागद पाठवते. पानं रस्त्यावर लोटू नका, परसात कुजवा. गाडी गवतावर धुवा. कुत्र्याची घाण उचला. पावसाच्या तोंडावर खत टाकू नका. जाळीत गेलेलं पाणी कुठे गाळलं जात नाही, थेट तळ्यात जातं. ज्या तळ्यावर हीच मंडळी जानेवारीत बर्फाला भोक पाडून माशांची वाट बघत बसतात, त्याच तळ्यात. व्हर्लिन तो कागद फ्रिजवर लावून ठेवतो, हे तो अभिमानाने सांगतो. वाचलेली ओळ मात्र एकच, 'रस्ते झाडणारी गाडी सोमवारी येईल.'

माझ्या अगदी शेजारचं घर लव्हॉनचं. मी तुंबले की पाणी तिच्या तळघराच्या खिडकीकडे वळतं. त्या तळघरात चर्चच्या बायकांनी हिवाळाभर शिवलेल्या गोधड्या रचलेल्या असतात. मे महिन्यात त्या गरजूंसाठी रवाना होतात. म्हणून लव्हॉन दर वसंतात स्वतः दाताळं घेऊन माझं तोंड मोकळं करायची. यंदा तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. वाकायची सोय नाही.

मग व्हर्लिनला सांगायचं ना? इथली माणसं असं तोंडावर काही सांगत नाहीत. जीव गेला तरी बेहत्तर, पण शेजाऱ्याला अवघडल्यासारखं होता कामा नये. शनिवारी व्हर्लिनचं यंत्र घोंघावून थांबलं, तशी लव्हॉन काठी टेकत केक घेऊन त्याच्याकडे आली.

"यंदा पानं जरा जास्तच दिसतात," ती म्हणाली.

"हो, बरीच आहेत," तो म्हणाला.

"उद्या पाऊस सांगितलाय म्हणे."

"बरं होईल. गवताला हवाच आहे. केक तू केलास?"

झालं. चार वर्षं हेच संभाषण चाललंय. तिला वाटतं आपण भांडून आलो. त्याला वाटतं हवापाण्याच्या गप्पा झाल्या.

रविवारी चर्चहून मंडळी परतली आणि पाऊस कोसळला. रस्त्यावरची सगळी पानं वाहत माझ्याकडे आली. मी दोन घोट गिळले, तिसरा घशात अडकला. पाणी चढत चढत पदपथावर आलं, लव्हॉनच्या अंगणात शिरलं. मला खरंच भीती वाटली. बीड असले तरी वाटते.

लव्हॉन ओसरीवर आली. समोर व्हर्लिन दारात उभा राहून पाऊस बघत होता.

"व्हर्लिन, ती जाळी तुंबली रे."

"उद्या गाडी येतेय ना. सगळं उचलतील."

लव्हॉन काठी टेकत पायरीपर्यंत आली. मग आयुष्यात पहिल्यांदा सरळ बोलली.

"ही तुझी पानं आहेत. दर वर्षी तुझीच असतात. आणि माझ्या तळघरात मार्लिसची गोधडी आहे."

मार्लिस म्हणजे व्हर्लिनची बायको. मागच्या थंडीत गेली.

"कुठली गोधडी?"

"अर्धी राहिली होती तिची. मी पुरी करतेय, तुझ्यासाठी. मे महिन्यात देणार होते. आता देऊ का भिजवून?"

व्हर्लिन धावला. चर्चला घालायचे बूट, इस्त्रीची पँट, तसाच. गुडघ्यावर बसून त्याने दोन्ही हातांनी माझ्या तोंडातली पानं उपसली, चिखल उपसला. रडत होता की पाऊस होता, लांबून कळलं नसतं. मला इतक्या जवळून कळलं, रडत होता. पाणी खिडकीपासून वीतभर दूर असताना माझा घसा मोकळा झाला आणि मी सगळं घटाघटा प्यायले.

"सांगायचं ना गं आधी," तो धापा टाकत म्हणाला.

"चार वर्षं सांगतेय. केक कशासाठी आणत होते?"

आमच्या गावात जाळी दत्तक घेता येते. अर्ज भरायचा, देखभाल करायची, आणि हवं ते नाव द्यायचं. त्याच आठवड्यात व्हर्लिनने मला घेतलं. नावाच्या रकान्यात त्याने लिहिलं, मार्लिस.

"गटाराच्या जाळीला बायकोचं नाव?" लव्हॉनने विचारलं.

"तीसुद्धा पानांवरून बोलायची मला. मी ऐकायचो नाही."

आता त्याची पानं परसात कुजतात. रोज सकाळी तो दाताळं घेऊन येतो, लव्हॉनने पुरी करून दिलेली ती गोधडी खांद्यावर असते. "कशी आहेस, मार्लिस?" विचारतो. तुमच्याही कोपऱ्यावर माझी एखादी बहीण असेल. नाव नाही दिलंत तरी चालेल, तोंडावरची पानं तेवढी काढा.

मला काही उत्तर देता येत नाही. पण पाऊस आला की माझ्या घशातून पाणी बडबडत खाली जातं, आणि व्हर्लिन पदपथाच्या कडेवर बसून ते शेवटपर्यंत ऐकतो.