विहिणींची नाव

एरोफेईने दाढीतले बर्फाचे मणी झटकले आणि पुन्हा वल्हं हाणलं. वल्हं ठणकन उसळून परत आलं. कालवा रातोरात गोठला होता, आणि नावेच्या नाकावर ठोकलेला पत्रा त्या बर्फापुढे पार दमला होता.

नावेत चौघं होती. मागे एरोफेई. पुढे ट्रंकेवर त्याची लेक उल्याना, उशांच्या ढिगाला कवटाळून. मधल्या फळीवर दोन बाजूंना दोघी : डावीकडे त्याची बायको स्तेपानिदा, उजवीकडे विहीणबाई अन्फिसा, रीतीप्रमाणे नवरीला न्यायला आलेली. आज लग्न लागायलाच हवं होतं. उद्यापासून लोण्याचा आठवडा, त्यामागून मोठा उपवास; मग ईस्टर होईपर्यंत पुरोहित कुणाच्या डोक्यावर लग्नाचा मुकुट ठेवत नाही.

असा बर्फ फोडायची युक्ती डॅन्यूबच्या मुखाशी पोराटोरांनाही ठाऊक. दोघांनी दोन बाजूंना बसायचं, एकदा इकडे झुकायचं, एकदा तिकडे. नाव डुलते, बर्फ तडकतो, मागचा वल्हं मारतो. पण या दोघींचा सकाळपासून अबोला होता. अन्फिसाने हुंड्यातली उशी हुंगून पाहिली होती आणि पिसं हंसाची नसून पाणकोंबडीची आहेत, मासळीचा वास येतो, असं म्हटलं होतं. आता आधी झुकायचं कोणी? जी आधी झुकेल ती हरली.

एरोफेई जन्माचा भांडणभित्रा. गावात कुठे आवाज चढला की हा जाळं विणायला घरात पळायचा. त्याने दोघींना हात जोडून पाहिलं. दोघी बोरूच्या बनाकडे बघत राहिल्या.

मग उल्यानाच हळूच म्हणाली, "आई, वरमाईला टोमण्याचं गाणं म्हणायचं राहिलं की गं. गाण्याशिवाय नवरी द्यायची रीत नाही."

रीत मोडेल ती स्तेपानिदा कसली? तिने पदर कसल्यासारखा रुमाल कसला आणि डावीकडे रेलून सूर लावला :

"विहीण आली नखऱ्याची, हुंगून बघते उशी,
घरी तिच्या मांजर निजे चुलीपाशी उपाशी!"

अन्फिसा ताडकन उजवीकडे कलली :

"मांजर आमचं उपाशी, पण नाक त्याचं भारी,
तुमच्या उशीत मासा म्हणून टपून बसलं दारी!"

कडकन बर्फ तडकला. नाव हातभर पुढे. एरोफेईने घाईघाईने वल्हं मारलं. मग काय, सासऱ्याचं टक्कल निघालं, आजेसासूचं खारवलेलं लोणचं निघालं. एकेका टोमण्याला एकेक फट पडत गेली. वाळुंजाच्या झाडांपलीकडे देवळाची घंटासुद्धा ऐकू येऊ लागली. आयुष्यात पहिल्यांदा भांडण कानाला गोड लागत होतं.

पण अन्फिसाचा सूर अचानक उतरला.

"मीही आले अशीच बाई, बर्फातल्या नावेत,
आईची उशी पोटाशी, आई राहिली गावात."

स्तेपानिदाच्या डोळ्यांना धार लागली. दोघी मधोमध सरकल्या, गळ्यात गळे घातले. नाव झोपल्यासारखी स्थिर झाली, आणि भोवतीचे तुकडे एकमेकांना चिकटू लागले.

एरोफेईने वल्हं हाणलं, ते पुन्हा ठणकन उसळलं. आता त्यालाच कळ लावावी लागणार होती. त्याने धीर करून म्हटलं, की पिसांचं विहीणबाई म्हणतात त्यात तथ्य असावं. झालं. दोघींनी मिळून त्यालाच झोडपलं, तेही एकाच बाजूला झुकून, आणि नावेत बादलीभर पाणी आलं.

उल्यानाने एक उशी उचलली. डोळे खाली घालून विचारलं, "आज रात्री मी डोकं कुणाच्या उशीवर ठेवू?"

"माझ्या!" स्तेपानिदा डावीकडे.

"आता ती आमची!" अन्फिसा उजवीकडे.

कडाड!

काठावर पोचेपर्यंत दोघींचे घसे बसले होते. लग्न लागलं. जेवणावळीत टोमण्यांची गाणी म्हणायला सगळ्यांनी आग्रह केला, तर दोघी नुसत्या हातवारे करत होत्या.

दुसऱ्या दिवशी एरोफेई आणि स्तेपानिदा परत निघाली. कालवा पुन्हा गोठलेला. ट्रंकेची जागा रिकामी. स्तेपानिदा डाव्या बाजूला, कालच्याच जागी. रुमालाचं टोक तोंडात धरून गप्प. नाव अडली तरी ती हलली नाही.

एरोफेईने दोनदा वल्हं हाणून पाहिलं. मग वल्हं ठेवून पुढे आला आणि विहीणबाईंच्या जागेवर बसला. खाकरून, बेसूर आवाजात त्याने म्हटलं :

"लेक गेली सासरी, नाव झाली हलकी,
बायको बसली म्हणून बरं, उडून गेली असती की!"

आणि उजवीकडे झुकला.

स्तेपानिदाने मान वर केली. नाक पुसलं.

"मला जाड म्हणता होय?" ती बसक्या आवाजात म्हणाली, आणि सगळा भार टाकून डावीकडे कलली.