पाचवं दुकान

शेषरावनं पाचवं बोट दुमडलं आणि तो जागीच थबकला. मोताळ्याच्या बाजारात दर पाचव्या दुकानदाराला प्रश्न विचारायचे, असा पाहणीचा नियम होता. पाचवं दुकान म्हणजे गोणपाटावर मांडलेली वांगी, आणि वांग्यांमागे बसलेली त्याची माय, गोजरबाई.

"ही नको. पुढची घेऊ," तो इंग्रजीत म्हणाला.

"का? मीही मोजलंय. पाचवी हीच," मॅडम म्हणाल्या.

शेषराव सरकारी शिष्यवृत्तीवर विलायतेत समाजशास्त्र शिकत होता, आणि तिथं तिसरं वर्ष कुठंतरी काम करून काढावं लागे. शेषरावला नागपूरच्या एका संस्थेनं या पाहणीवर घेतलं होतं, आणि काम कसं चाललंय ते बघायला विद्यापीठातून मॅडम आल्या होत्या. विलायतेत पहिल्याच आठवड्यात यानं थाप मारलेली: वडील नागपुरात वकील आहेत म्हणून. एकदा मारली, मग ती निस्तरता येईना. आता ही आपली माय, असं कोणत्या तोंडानं सांगणार? महिन्याभरापूर्वी तिच्याच हातचं भरीत चापून आला होता पठ्ठ्या!

त्याला पाहून गोजरबाई हसत अर्धी उठली. मग तिनं त्याचा उतरलेला चेहरा पाहिला, शेजारची गोरी बाई पाहिली, आणि ती मुकाट्यानं खाली बसली.

"काय पायजे साहेब?"

साहेब! शेषरावला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्यानं कागद काढला. गाव विचारलं, शेत किती विचारलं. ती परक्या माणसाला सांगावं तसं सांगत गेली.

"नवऱ्याचं नाव?"

गोजरबाईनं पदर तोंडाला लावला. शेजारी मिरच्या विकणारी बनाबाई फिदीफिदी हसली.

"काहीबी इचारता साहेब! बाईमानूस धन्याचं नाव घेते का? मी सांगतलं असतं, पण मी पडली दुसऱ्या गावची, मले नाही ठाव."

अशा वेळी पोर पुढं होतं आणि बापाचं नाव सांगतं. तलाठ्यापुढं, दवाखान्यात, लहानपणापासून शेषरावच सांगत आला होता. आताही हात सवयीनं चालला. कागदावर इंग्रजीत 'कडूबा' उमटलं.

मॅडमनी त्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि गोजरबाईकडे पाहिलं. "ही तर बोललीच नाही. हे नाव तू कुठून आणलंस?"

शेषराव कपाळावरचा घाम पुसू लागला. गोजरबाईला इंग्रजी कुठलं कळायला! पण कोणत्या प्रश्नावर गाडं अडलं आणि पोराला घाम काऊन फुटला, एवढं तिला पुरतं कळलं. तिनं डोईवरचा पदर पुढं ओढला.

"कडूबा," ती म्हणाली. मग मॅडमकडे पाहून पुन्हा, मोठ्यानं, "कडूबा नाव हाय त्यायचं."

"अवं माय!" बनाबाईच्या हातातली मिरची खाली पडली. "नाव घेतलं वं तुनं? भर बाजारात?"

चोवीस वर्षांत शेषरावनं तिच्या तोंडून ते नाव ऐकलं नव्हतं. उखाण्याचा आग्रह झाला तरी ती 'शेषाचे बाबा' म्हणून वेळ मारून न्यायची. आता ती मान खाली घालून वांगी उगाच इकडची तिकडं करत होती, आणि तिचे कान लाल झाले होते. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं.

मॅडम मात्र खूश झाल्या.

"बघ! इथल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, असं आम्हाला शिकवतात. हिनं तर दोनदा घेतलं, न अडखळता. हे तुझ्या अहवालात आलंच पाहिजे. लिहितोस ना?"

"हो," शेषराव म्हणाला, आणि त्यानं लिहून घेतलं.