एक काडी आणि बरोबरची खूण

यशोदाबाईंनी फाइलच्या कोपऱ्यावर बोट टेकवलं आणि काड्या मोजल्या. एक, दोन, तीन. मग शेजारी बसलेल्या विजयमालेच्या मांडीवरची फाइल त्यांनी हक्कानं आपल्याकडं ओढली.

"माझ्या तीन हायत. बघू, तुमच्या किती."

कॅन्सरच्या दवाखान्यातल्या त्या बाकाच्या टोकाला बसलेल्या गुरुलिंगअप्पांचा हात पुढं झाला, पण तोवर उशीर झाला होता. गुलाबी फाइलच्या कोपऱ्यात सिस्टरनं निळ्या जाड पेनानं घाईघाईत लिहिलेलं IV यशोदाबाईंच्या बोटाखाली आलं होतं.

"अगं बया! तुमची एकच काडी की ओ! आन् फुडं बरोबरची खूण." त्यांनी फाइल परत दिली. "सुटला तुमी. आमच्या श्रीपुरात एकीच्या दोन काड्या हुत्या, ती आता मळ्यात जाती."

विजयमालेनं ती खूण निरखून पाहिली. मग मान वळवून नवऱ्याकडं पाहिलं.

"तुमी तर दुसरी स्टेज म्हनला हुता."

"उतरली असेल," गुरुलिंगअप्पा म्हणाले आणि टोकन नंबरच्या पाटीकडं बघत बसले.

ती पाटी त्यांना दिसतसुद्धा नव्हती. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी त्यांना आणि मुलाला, युवराजला, केबिनमध्ये बसवून सांगितलं होतं, ते आतल्या आत पुन्हा ऐकू येत होतं. चौथी स्टेज. यकृतापर्यंत गेलंय. औषधं देऊ, पण फार आशा धरू नका. जिना उतरताना युवराज मधेच थांबला होता. "आईला दुसरी सांगायची," तो म्हणाला. त्याला दुसऱ्या दिवशी पुण्याला कामावर जायचं होतं, डोळे सुजले होते. गुरुलिंगअप्पांनी मान हलवली. दुसऱ्यानं काही ठरवलं की मान हलवायची, ही त्यांची जुनीच सवय.

अडतीस वर्षं त्यांनी सोलापुरातल्या एका छापखान्यात प्रुफं तपासली होती. शाळेची पुस्तकं, लग्नपत्रिका, पंचांगं. एखादी वेलांटी चुकून छापली गेली तर त्यांना दोन दिवस जेवण गोड लागत नसे. शर्टाच्या खिशात तांबडी पेन्सिल अजूनही असायची, कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आपल्याला दुसरं काही जमत नाही, पण चूक दिसली की ती आपण सोडत नाही, एवढा एकच अभिमान त्यांच्यापाशी होता. बायकोची फाइल वाचण्यातली चूक मात्र त्यांनी त्या दिवशी तशीच जाऊ दिली.

त्या संध्याकाळी विजयमालेनं आपणहून जेवायला मागितलं. गुरुलिंगअप्पांनी कडक भाकरी आमटीत चुरून दिली. तिनं अर्धी खाल्ली, वर शेंगाची चटणी चिमूटभर. मग युवराजला फोन लावायला सांगितला.

"आरं, उतरलीया म्हनं. एकच काडी ऱ्हायलीया."

पलीकडं दार लोटल्याचा आवाज आला.

"चांगलं झालं की आई," युवराज म्हणाला. "बाबांना फोन दे."

गुरुलिंगअप्पा भांडी विसळायला मोरीत गेले होते. पाणी मोठं सोडलं होतं.

चार दिवसांनी, दुपारी औषध घेऊन झाल्यावर, ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "मला ते आकडे शिकवा."

"कुठले?"

"काड्यांचे. आपल्या घड्याळात हायत ते." तिनं समोरच्या भिंतीकडं हनुवटी केली. निवृत्त होताना छापखान्यानं दिलेलं ते रोमन आकड्यांचं घड्याळ. "एवढी वर्सं काट्याच्या जाग्यावरनं टाइम सांगती मी. आन् ती यशोदा बिचारी तीन काड्यांनी भेदरलीया. तिला काय तरी नीट सांगता आलं पायजे की."

"आता कशाला डोक्याला ताप?"

"डोक्याला हायच काय दुसरं?" डोक्यावरून हात फिरवत ती हसली. केस गेल्यापासून तिला ही एक चेष्टा सापडली होती.

गुरुलिंगअप्पा थकले होते. पहाटेपासून तिचं पथ्याचं, मग कपडे, मग बँडेजची पट्टी, मग औषधाच्या दुकानात रांग. गुडघे दिवसभर कुरकुरत. शिकवायला नको म्हणण्याइतकीही ताकद अंगात उरली नव्हती. त्यांनी जुन्या कॅलेंडरचं एक पान फाडलं, उलटं केलं आणि तिच्यापाशी बसले.

एक, दोन, तीन सोपे गेले. ती मराठी चौथी शिकलेली. अक्षर गोल आणि नीटस. चौथ्याशी आल्यावर गुरुलिंगअप्पांनी घड्याळाकडं पाहिलं आणि त्यांच्या छातीवरचं ओझं जरा हललं. तबकडीवर चारच्या जागी सरळ चार काड्या होत्या. घड्याळ घरी आलं त्या दिवशी त्यांना ती चूक वाटली होती. पुढं कुठंतरी वाचनात आलं की घड्याळावर असं लिहायची रीतच आहे. आज त्या रीतीचे त्यांनी मनोमन आभार मानले.

"चाराला चार काड्या," ते म्हणाले. खोटं नव्हतं. समोर दिसत होतं.

पाचाला मात्र ती अडली.

"ही तर बरोबरची खूण."

"नाही. ह्याच्या दोन्ही हातांवर टोप्या असतात, बघ." त्यांनी V काढून त्याच्या दोन्ही टोकांवर छोट्या आडव्या रेघा मारल्या. "आणि बरोबरच्या खुणेचा डावा हात आखूड असतो."

तिनं टोप्या घातलेले पाच आकडे ओळीनं काढले. मग सहा, सात, आठ. पाचाच्या पुढं काड्या वाढत गेल्या तसा तिला हुरूप आला. गुरुलिंगअप्पांनी तिथंच पान मिटलं. "आज एवढं बास. दमशील."

"मी कुटं दमलीया? तुमीच दमलाय."

दुसऱ्या दिवशी नवाशी आले. नऊ टाळावा असं त्यांच्या मनात रात्रीपासून होतं. पण तिची सकाळची गोळी नवाचीच. काटा रोज तिथंच जाऊन उभा राहायचा.

"ही फुली म्हंजी धा ना? मग तिच्या अलीकडं काडी कशापायी?"

"अलीकडं असली की दहातून एक वजा," ते हळूच म्हणाले. "पलीकडं असली की मिळवायचा."

तिची पेन्सिल कागदावर तशीच टेकलेली राहिली. सलाइनच्या सुईनं काळानिळा पडलेला तिचा हात गुरुलिंगअप्पा बघत राहिले. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. तो आवाज पार कोपऱ्यापर्यंत जाईस्तोवर ती घड्याळाकडं बघत होती.

"मग चाराला तसं का न्हाय? पाचाच्या अलीकडं एक काडी?"

"घड्याळात तसं नसतं."

"घड्याळात नसतं," ती म्हणाली. "बरं."

तिनं नऊ लिहिला. मग दहा, अकरा, बारा. पुढं त्या आकड्यांचा विषय तिनं काढला नाही, आणि गुरुलिंगअप्पांनीही. फक्त ती फाइल, जी ते कपाटात कपड्यांखाली ठेवत, ती एका सकाळी त्यांना कपड्यांवर दिसली. आपणच ठेवली असेल असं त्यांनी स्वतःला समजावलं. हल्ली ध्यानात राहत नव्हतं.

पुढच्या खेपेला बाकावर यशोदाबाई आधीच येऊन बसल्या होत्या. चेहरा पार उतरलेला, पदराचं टोक मुठीत.

"या वो विजूताई. तुमी शिकलासा म्हनं ते काड्यांचं. फोनवर म्हनला हुता. मला खरं काय ते सांगा. तीन म्हंजी लई वाईट का?"

गुरुलिंगअप्पांनी खाली फरशीकडं पाहिलं.

"तीन म्हंजी तीन," विजयमाला म्हणाली. "शेवटची न्हवं. त्याच्या फुडंबी असत्यात लोकं, आन् बसत्यात, खात्यात, पित्यात. तू जेवतीस का न्हाय नीट?"

"जातच न्हाय वो घास."

"ताकात कालवून खा. बळंच खा. जातोय."

यशोदाबाईंनी डोळे पुसले. मग जरा सावरून विचारलं, "आन् तुमची? आता किती?"

विजयमालेनं मांडीवरची फाइल त्यांच्याकडं वळवली आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हाय की तीच. एक काडी, आन् फुडं बरोबरची खूण."

"नशीब काडलं बया तुमी," यशोदाबाई म्हणाल्या. तेवढ्यात त्यांचा नंबर लागला आणि त्या चपला सरकवत आत गेल्या.

गुरुलिंगअप्पांनी श्वास सोडला. तिला कळलेलं नाही. घड्याळानं राखलं. त्यांनी पाठ भिंतीला टेकली आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचे डोळे मिटायला लागले.

"अहो. हे तपासा की जरा."

तिनं फाइलच्या आतून घडी घातलेलं कॅलेंडरचं पान काढलं होतं. गुरुलिंगअप्पांनी चष्मा पुसून लावला. एकापासून बारापर्यंत, एकाखाली एक, गोल नीटस हातानं. प्रत्येक पाचाच्या हातांवर टोप्या. एक, दोन, तीन. आणि चौथ्या जागी एक काडी, तिच्या पुढं टोप्या घातलेला पाच.

हा आकडा त्यांनी तिला कधी लिहून दाखवला नव्हता.

ते त्या ओळीवर किती वेळ थांबले, त्यांना कळलं नाही. विजयमाला नंबरच्या पाटीकडं बघत होती.

"चुकलंय का कुटं?" तिनं तिकडंच बघत विचारलं.

गुरुलिंगअप्पांनी खिशातून तांबडी पेन्सिल काढली. पहिल्या आकड्यापुढं खूण केली, दुसऱ्यापुढं, तिसऱ्यापुढं. चौथ्याशी पेन्सिल अडखळली. मग त्यांनी तिथंही खूण केली, डावा हात आखूड असलेली. ती जरा वाकडी आली. बाराव्यापर्यंत ते तसेच खाली गेले.

"नाही," ते म्हणाले. पान तिच्यापुढं धरत पुन्हा म्हणाले, "नाही. सगळं बरोबर आहे."

तिनं पान घेतलं, पहिल्यासारखी घडी घातली आणि फाइलमध्ये आत सरकवलं.

"युवराजला सांगू नगा," ती म्हणाली. "मला ठावं हाय म्हटल्यावर तिकडं त्याचं कामात चित्त ऱ्हायाचं न्हाय. त्याच्यासाटी आपली एकच काडी."

गुरुलिंगअप्पांनी मान हलवली.

आतून तिचा नंबर पुकारला. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, एक हात बाकावर टेकला आणि दुसरा त्यांच्यापुढं धरला. तो धरून ते उठले तेव्हा कोण कुणाच्या आधारानं उठलं, ते सांगणं अवघड होतं.