डाव्या बाजूची पावलं

मित्रांनो, मी एक उतारवयाची पांढरी घोडी आहे. नाव शेवंती. येरवड्यातल्या पत्र्याच्या तबेल्यात वाढले आणि नवरदेवांना पाठीवर घेऊन पुण्याच्या पेठांतून मिरवले.

तुमचे डोळे समोर असतात, माझे दोन बाजूंना. त्यामुळे जवळजवळ सगळा रस्ता मला एकदम दिसतो. फक्त शेपटीमागचं आणि अगदी नाकापुढचं दिसत नाही. फेट्याचा लाल रंग मला कळत नाही, निळा मात्र छान कळतो. जे दिसत नाही ते मी कानांनी शोधते. माझे मालक गेनबा गल्लीच्या तोंडाशी आले की त्यांच्या चपला ओळखून मी मान वर करायचे. ते खुशीत आहेत की धास्तावलेत, हे घामाच्या वासावरूनही समजायचं. "शेवंतीपासून काही लपत नाही," असं ते कौतुकाने सांगत.

मग वरातींत भिंतीएवढे स्पीकर आले. तो आवाज खुरांतून पोटापर्यंत चढे. गेनबा माझ्या कानांत कापूस घालत, तरी एका लग्नसराईत माझा डावा कान पार गेला. ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण हाक मारली की मी उजव्या कानाने ऐकून वळत असे.

पुढे कसबा पेठेत एक वरात होती. नवरदेव नाचायला खाली उतरला आणि कुणीतरी पांढरा धूर सोडला. उजवीकडे स्पीकर धडधडत होता. मला दिसेना, कसला वास येईना. मी थरथरू लागले, म्हणून गेनबा डावीकडून, मागच्या बाजूने मला शांत करायला आले. नेहमीसारखं बोलतच आले असतील. मला फक्त मागच्या पायाला कुणाचा तरी हात लागल्याचं कळलं. मी लाथ झाडली. धूर विरला तेव्हा गेनबा गुडघा धरून रस्त्यावर पडले होते.

हाड जुळलं, पण गुडघा पुन्हा वाकला नाही. मला रोज भाकरी भरवणाऱ्या त्यांच्या पत्नी, द्वारकाबाई, दारातूनच परत जाऊ लागल्या. घोडी बिथरली आहे, उद्या कुणाचा जीव घेईल, असं त्यांचं म्हणणं. एके दिवशी गेनबांनी माझ्या उजव्या कानात कापूस घालून डाव्या कानामागे टाळी वाजवून पाहिली. मी हलले नाही. त्यांनी द्वारकाबाईंना बोलावलं.

"हिला या कानाने ऐकूच येत नाही गं," ते द्वारकाबाईंना म्हणाले. "आणि मीच हिला त्या स्पीकरच्या भिंतीपुढे उभी करत होतो."

द्वारकाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. पण अधू पायाने घोडी सांभाळणं होईना. मला वारज्यात घोडे पाळणाऱ्या सर्जेरावांकडे दिलं.

सर्जेराव वाईट नाहीत, घाईत असतात. डावीकडून, मागच्या बाजूने न बोलता अंग घासायला खरारा लावतात, मी दचकते, मग ते मला खोडील म्हणतात. गेनबांना इतक्या लांब येणं जमत नाही.

मित्रांनो, मुक्या जनावराकडे जाताना त्याला दिसाल असे या. आधी बोला, मग हात लावा. गाणी वाजवायचीच असतील तर आम्हाला दूर उभं करा. माझा उजवा कानही आता मंदावतो आहे. तो जाण्याआधी गेनबांनी एकदा हाक मारावी, एवढंच वाटतं.