गादीखालची चादर

मित्रांनो, मी एक जुनी चादर आहे. पण माझ्यावर अंग टाकून कधी कोणी झोपलेलं नाही. माझी जागा गादीच्या खाली. पाठ गुळगुळीत, कडेला रुंद पट्टे, डोक्याशी आणि पायाशी ओढायच्या मुठी. ज्याला स्वतःच्या पायांनी बाहेर पडता येत नाही, त्याला आगीच्या वेळी गादीसकट बांधून ओढत न्यायचं, एवढ्याच कामासाठी माझा जन्म. मला शिवणाऱ्या बाईने प्रत्येक पट्टा दोन्ही हातांनी हिसडून पाहिला आणि "जा, टिकशील," असं म्हणाली. त्यानंतर बरीच वर्षं माझ्याशी कोणी बोललं नाही.

मी आले ती वृद्धांच्या एका निवासात, वरच्या मजल्यावर. माझ्या पलंगावर कपाटआजोबा असत. उभं आयुष्य त्यांनी लोकांची कपाटं जिने चढवण्यात घालवलं होतं आणि म्हातारपणी स्वतःच कपाटाएवढे झाले होते. खुबा मोडल्यापासून ते अंथरुणाला खिळलेले. त्यांचं सगळं करायला एक सेविका होती. अंगाने इतकी बारीक, की आजोबांनी तिचं नाव सुतळी ठेवलं होतं.

"सुतळे, आग लागली तर तू मला उचलणार?"

"उचलेन की. तुम्ही आधी दुसऱ्यांदा भात मागणं बंद करा."

"मस्करी नाही करत मी. तू आपली पळ. मला राहू दे."

"पळायला तुमची परवानगी लागते होय?" असं म्हणून ती उशी थोपटायची आणि निघून जायची. मग आजोबा कितीतरी वेळ दाराची रुंदी नजरेने मोजत पडून राहायचे. हा पलंग त्यातून आडवा-उभा कसाही निघणार नाही, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कोणाला कळणार?

कोणाच्या वाट्याला काय आलं, ते मी गुपचूप पाहत असे. उशीला थोपटणं, पांघरुणाला ऊन, वरच्या चादरीला इस्त्री. मला काय? निवासाच्या मोठ्या बाई टापटिपीच्या भोक्त्या. माझे लोंबणारे पट्टे त्यांच्या डोळ्यांत खुपायचे. मग सेविकांनी ते गुंडाळून, वर गाठ मारून, गादीखाली खोल खुपसले. खोली कशी फोटोसारखी दिसू लागली.

एकदा अग्निशमन दलाचे एक जमादार सराव घ्यायला आले. आजोबांना माणूस उचलायच्या यंत्राच्या झोळीतून खुर्चीत बसवण्यातच दोघींचा घाम निघाला. "आता पलंगावर कोण झोपतंय?" जमादारांनी विचारलं. सगळ्या एकमेकींना ढोसून खिदळू लागल्या, तेव्हा मोठ्या बाईच हौसेने आडव्या झाल्या.

"बांधा पट्टे," जमादार म्हणाले.

सुतळी गादीखाली चाचपडू लागली. गाठ काही सुटेना. दुसरी मदतीला वाकली, तर दोघींची डोकी आपटली. बाई आधी हसत होत्या. मग "झालं का गं?" म्हणाल्या. मग नुसत्याच छताकडे बघत राहिल्या.

"बाई, एवढ्यात धूर खोलीत आलाय," जमादार शांतपणे म्हणाले.

"कळलं," बाई म्हणाल्या. त्यांचा इतका बारीक आवाज याआधी कोणीच ऐकला नव्हता. त्या उठल्या आणि गाठ त्यांनी स्वतःच्या नखांनी सोडवली. त्या दिवसापासून माझे पट्टे उघडे राहिले, आणि सगळ्यांचा सराव पुन्हा पुन्हा होऊ लागला.

मग ती दुपार आली. शेजारच्या खोलीत हीटरवर वाळत घातलेला टॉवेल पेटला. तिथल्या आजी खाली जेवायला गेल्या होत्या. घंटा वाजली. सुतळी धावत आली आणि तिने काय केलं? पेटलेल्या खोलीत कोणी नाही हे पाहिलं आणि दार ओढून घट्ट लावलं. ज्वाळा बघत एक क्षणही थांबली नाही. ती सरळ आमच्याकडे आली.

बाकीच्या सेविका इतरांना हलवत होत्या. इथे ती एकटी. पट्टे आवळले, कळ फिरवून पलंग पार खाली केला, आधी पायाची बाजू, मग डोक्याची, अशी गादी जमिनीवर घसरवली. दाराच्या फटीतून धूर येऊ लागला होता.

"सोड मला, सुतळे. जा तू."

"बोलू नका, धूर जातो तोंडात."

तिने मुठी धरून ओढलं. मी हलले नाही. पुन्हा ओढलं. नाहीच. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते धुराचं की कशाचं, मला सांगता येणार नाही. आणि मग आजोबांचा सूरच पालटला.

"अगं, नुसत्या हातानं काय ओढतेस! कपाट असं हलतं का कधी? कंबर खाली घे. हात ताठ. आता सगळं अंग मागं टाक!"

ती मागे झुकली. आणि मित्रांनो, मी हलले!

मी गादीखाली पडून आयुष्य काढलं, पण त्या दिवशी जे पाहिलं त्यापुढे माझे सगळे टाके नमले. ती काटकुळी पोर एका डोंगराला ओढत होती, आणि डोंगर तिला ओढायचं कसं ते शिकवत होता. "श्वास सोडून ओढ. शाब्बास. वळणावर घाई नको." पॅसेजच्या, आग अडवणाऱ्या जाड दाराशी मोठ्या बाई उभ्या होत्या. त्यांनी दुसरी मूठ धरली. आम्ही पलीकडे गेलो, दार मिटलं, आणि धूर मागेच राहिला. इकडची हवा स्वच्छ होती, किती स्वच्छ!

सुतळी भिंतीला टेकून बसली. तिचे तळवे सोलवटले होते.

"तुला मी माझ्या टोळीत घेतलं असतं," आजोबा म्हणाले.

"आधी तुमचा खोकला थांबू दे," ती म्हणाली, आणि मग दोघंही रडू लागले.

उंबऱ्यावर घासून माझी पाठ फाटली. त्या गादीखाली आता नवी चादर आहे आणि मी सरावाच्या खोलीत असते. नव्या मुली हसत माझ्यावरच्या गादीवर झोपतात आणि गंभीर होऊन उठतात.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरच्या कोणा आजीला किंवा आजोबांना अशा निवासात ठेवायची वेळ आली, तर पडद्यांचे रंग बघा, बाग बघा, जेवण चाखा. मग तिथल्या एखाद्या सेविकेला विचारा, "आग लागली तर यांना बाहेर कसं नेशील गं?" ती लाजली, मोठ्यांच्या तोंडाकडे बघू लागली, तर पुन्हा विचार करा. पण काही न बोलता ती गादीचा कोपरा उचलायला वाकली, तर तिच्या हाती आपलं माणूस खुशाल सोपवा.